‘पडीक’ या एका शब्दाचा इतिहास : बीडच्या माळरानावरील जीवांचे नाते कसे तुटले

१/ डिसेंबर २०२१. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ हे छोटेसे गाव अचानक जगभरच्या बातम्यांत आले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंच झाडांवर, घरांच्या छतांवर नेतात आणि तेथून ती पिल्ले खाली पडून मरतात, अशी ती बातमी होती. अडीचशे पिल्ले मेली, हा आकडा पाहता पाहता सर्वत्र पसरला. त्याच्याबरोबर ‘सूड’ हा शब्दही पसरला. अखेरीस नागपूरहून आलेल्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली आणि बातमी थांबली.

२/ त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस, याच जिल्ह्याचा आष्टी तालुका भयाने गोठला होता. काही दिवसांच्या अंतराने बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. ऐन रब्बीच्या दिवसांत लोक शेतात जाईनासे झाले. पुढे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातही माणसे मारली गेली आणि १८ डिसेंबर २०२० रोजी तेथेच त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली.

३/ या दोन घटनांची चर्चा ‘विचित्र बातमी’ आणि ‘नरभक्षक’ एवढ्यावरच संपली. पण बिबट्या आष्टीच्या उघड्या माळापर्यंत आला कसा? गावोगाव इतकी कुत्री कोठून आली? वानरे गावात का राहू लागली? या प्रश्नांची उत्तरे त्या दोन हिवाळ्यांत सापडत नाहीत. ती दीडशे वर्षांच्या इतिहासात आहेत, आणि त्या इतिहासाच्या मुळाशी महसुली दप्तरातील एक साधा शब्द आहे : पडीक.

४/ आधी भूमी पाहू. बीड जिल्ह्याचे निसर्गतः दोन भाग पडतात. उत्तरेला गोदावरीकाठची काळी, सखल, सुपीक गंगथडी. दक्षिणेला बालाघाटचे पठार. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, अंबाजोगाई हा सारा मुलूख कमीअधिक प्रमाणात या पठाराचा. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या पाटोद्याच्या डोंगराळ भागात उगम पावतात. खाली काळा बेसाल्ट, त्यावर मुरूम आणि मुरमावर वीतभर माती. पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. आष्टीकडे त्याहूनही कमी.

५/ अशा भूमीवर घनदाट अरण्य वाढत नाही. तेथे वाढते गवत. कुसळी, पवना, मारवेल, डोंगरी ही या माळाची खरी प्रजा. अधूनमधून हिवर, बाभूळ, बोर, खैर आणि पिवळ्या फुलांचा तरवड. श्रावणात गुडघाभर हिरवे असणारे हे रान मार्गशीर्षात सोनेरी होते आणि चैत्रात जणू नाहीसेच होते. परक्या नजरेला तेव्हा ते उजाड दिसते. पण गवताचे जीवन जमिनीवर कमी आणि जमिनीखाली अधिक असते. मुळांचे दाट जाळे माती धरून ठेवते, थोडी ओल जपते आणि पहिल्या पावसाची वाट पाहत राहते.

६/ ‘येथे पूर्वी घनदाट जंगल होते, माणसाने ते तोडले म्हणून माळ उरला’ अशी एक समजूत आहे. काही डोंगरउतारांपुरती ती खरी असेलही. पण पठारावरील माळ प्राचीन आहे. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जुने मराठी साहित्य आणि मौखिक परंपरा यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. एकूण ४४ रानवनस्पतींचे उल्लेख आढळले आणि त्यांपैकी २७ वनस्पती उघड्या, गवताळ, विरळ वृक्षांच्या प्रदेशाच्या निदर्शक होत्या. अर्थात सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचा मराठी माणूसही बाभळी-तरवडाच्या माळावरूनच चालत होता.

७/ आता शास्त्राची थोडी परिभाषा. सजीवांचे परस्परांशी आणि परिसराशी असलेले नाते अभ्यासणाऱ्या शास्त्राला १८६६ साली जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने ‘इकॉलॉजी’ हे नाव दिले. १९२७ साली चार्ल्स एल्टन याने अन्नसाखळीची कल्पना सुस्पष्ट मांडली. १९३५ साली आर्थर टान्सली याने ‘इकोसिस्टिम’ हा शब्द योजला; आपण त्याला परिसंस्था म्हणतो. परिसंस्था म्हणजे नुसती प्राण्यांची आणि झाडांची यादी नव्हे. माती, पाणी, ऊन आणि सर्व सजीव यांच्यातील देवघेव म्हणजे परिसंस्था.

८/ या देवघेवीचा हिशेब कठोर असतो. गवत उन्हापासून अन्न तयार करते, ते उत्पादक. गवत खाणारे काळवीट प्रथम भक्षक. काळविटाला खाणारा लांडगा त्याच्या वरचा. एका पायरीवरील ऊर्जेपैकी ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढच्या पायरीवर पोहोचतो. उरलेली जगण्यात, धावण्यात, उष्णतेत खर्च होते. गवतात दहा हजार एकक ऊर्जा असेल, तर हरणांत एक हजार आणि लांडग्यांत जेमतेम शंभर. म्हणूनच माळावर हरणांचे कळप असतात आणि लांडग्यांची टोळी मात्र एखादीच. आणि म्हणूनच गवत थोडे जरी घटले, तरी वरच्या पायरीवरचा जीव सर्वांत आधी डळमळतो.

९/ दख्खनच्या माळावर या शिडीच्या माथ्यावर एके काळी दोन शिकारी होते. एक चित्ता, दुसरा लांडगा. चित्ता उघड्या रानातला वेगवान एकांडा; लांडगा टोळीने पाठलाग करून दमवणारा. दोघांचे भक्ष्य बरेचसे एकच, पण पद्धत वेगळी. एकाच घरात दोन भाडेकरूंनी वेगवेगळ्या खोल्या वाटून घ्याव्यात, तशी प्रत्येक प्रजाती परिसंस्थेत आपली जागा राखते. एल्टनने याच ‘जागे’ला प्राण्याची भूमिका म्हटले : तो कोठे राहतो एवढेच नव्हे, तर तेथे काय करतो.

१०/ भक्ष्य-भक्षक हे एकच नाते नसते. गुरांच्या पायांनी उडणारे टोळ टिपत गायबगळे त्यांच्यामागे हिंडतात. बगळ्यांचा लाभ, गुरांचे फारसे काही बिघडत नाही. मेंढीच्या पाठीवर बसलेला कोतवालही तोच उद्योग करतो. शेणकिडे शेणाचे गोळे जमिनीत पुरतात आणि न कळत माळाला खत घालतात. वाळवी वाळलेले गवत आणि लाकूड फोडून पुन्हा मातीत मिसळते. हिवराच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या खातात आणि त्यांच्या लेंड्यांतून बिया दूरवर रुजतात. कोल्हा बोरे खातो आणि बोरीही पेरतो. कोणी कोणावर उपकार करीत नाही. तरी सगळ्यांचे चालते.

११/ या जाळ्यात माणूस बाहेरचा नव्हता. धनगरांचे वाडे पावसाळ्यात माळावर आणि पुढे सुगी संपली की खालच्या काळ्या रानात उतरत. शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेई. मोबदल्यात धान्य देई. मेंढ्यांना धसकटे आणि पाला मिळे, शेताला लेंडीखत मिळे. शास्त्रात या परस्पर लाभाच्या नात्याला सहजीवन म्हणतात. गावात त्याला व्यवहार म्हणत. लांडगा अधूनमधून एखादी मेंढी नेई. कुत्री, काठी आणि रात्रीची राखण यांच्या बळावर धनगर त्याला रोखून धरी. पण माळावरून लांडगा समूळ नाहीसा करावा, असा त्याचा उद्योग नव्हता.

१२/ फासेपारधी हा त्याच माळाचा दुसरा जाणकार. तितर, लावा, ससा, हरीण यांच्या वाटा, वेळा आणि सवयी त्याला तोंडपाठ. फासे लावून शिकार करणे हे त्याच्या उपजीविकेचे साधन. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मानेच माणसांना गुन्हेगार ठरवण्याचा प्रघात पडला. पारधी त्या शिक्क्याखाली आले. स्वतंत्र भारतात १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण शिक्का अद्याप पुरता पुसला गेलेला नाही. माणसावर जसा शिक्का बसला, तसाच तो माणूस ज्या भूमीवर जगत होता तिच्यावरही बसला.

१३/ बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दिवाण सालारजंग पहिले यांनी १८६५ साली जिल्हाबंदी करून महसुली कारभार नव्याने बांधला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि प्रतवारी झाली. प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळाला, सारा ठरला. ज्या जमिनीवर सारा बसत नव्हता तिच्यासाठी वेगवेगळी नावे आली : गायरान, परंपोक, पोटखराब, पडीक. दप्तराचा प्रश्न एकच होता : या जमिनीतून वसूल किती? गवताचे उत्तर होते, शून्य.

१४/ येथे एक सूक्ष्म पण दूरगामी बदल घडला. शेतकऱ्याच्या भाषेत ‘पड’ ही जमिनीची अवस्था होती. रान दमले की ते एक-दोन वर्षे पड टाकायचे, गवत येऊ द्यायचे, गुरे चारायची, मग पुन्हा नांगरायचे. पड म्हणजे जमिनीची विश्रांती. दप्तरात मात्र ‘पडीक’ हा जमिनीचा कायमचा गुण झाला : निरुपयोगी, वाया गेलेली, कोणीतरी ‘सुधारावी’ अशी वाट पाहणारी. ज्या माळावर हजारो गुरे, मेंढ्या, हरणे आणि पाखरे पोसली जात होती, तो कागदावर रिकामा ठरला.

१५/ मग दुष्काळ आले. १८७६-७८, १८९६-९७ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९००. शेवटच्याने बीड अक्षरशः मोडले. १८९१ च्या खानेसुमारीत सहा लाखांच्या वर असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्ये पाच लाखांच्याही खाली आली. माणसे मेली, परागंदा झाली. गुरांचा तर हिशेबच नाही. परिसंस्थेच्या भाषेत धारणक्षमता म्हणून एक मर्यादा असते : एखादी भूमी किती जीवांना पोसू शकते याची. पण ती स्थिर नसते. पाऊस हटला की ती कोसळते. पूर्वी धनगर आणि गुराखी कळप घेऊन दूर जात आणि ही मर्यादा चुकवीत. जसजशी राने बंद होत गेली, तसतशी हलण्याची ही वाट अरुंद झाली.

१६/ माळाच्या शिडीचा माथा आधी कोसळला. १९४७ साली मध्य भारतातील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. भारतातील चित्त्याची ती शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माळढोक पक्ष्याची कथा याच शेजारची. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. कागदावर ते विराट होते. प्रत्यक्षात त्यात गावे, रस्ते, शेते, उसाचे फड सारे काही होते. पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक मात्र त्याआधीच बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

१७/ माळ कमी होण्याची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदवली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नावावर एक गुंठा नव्हता, त्या भूमिहीनांना गावात मिळू शकणारी जमीन एकच होती : गायरान. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी गायरान कसणाऱ्या दलितांच्या हक्कांसाठी दीर्घ लढा दिला. त्या लढ्यात माणसांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. ‘गायरान वाचवा’ ही हाक पुष्कळदा गवताच्या प्रेमापोटी नसून भूमिहीनाच्या हाती जमीन जाऊ नये म्हणून दिली गेली, हेही तितकेच खरे. गवत विरुद्ध गरीब असा सामना ज्या व्यवस्थेने उभा केला, तिच्या काळ्या, बागायती जमिनी मात्र शाबूत राहिल्या.

१८/ १९७२-७३ चा दुष्काळ हा मराठवाड्याच्या स्मृतीतला खोल घाव. खडी फोडणारे हात, सुकडीची पाकिटे, चाऱ्यावाचून सोडून दिलेली गुरे. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना विस्तारली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. लाखोंचे प्राण आणि मान राखणारी ती योजना होती, यात शंका नाही. पण कामे कोठे काढायची? अर्थातच पडीक जमिनीवर. माळांवर चर खणले गेले, रोपे लावली गेली. त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. हरणाला संरक्षण मिळाले. हरणाच्या गवताला नाही. पारध्याची शिकार बंद झाली. त्याला पर्यायी काम मिळाले नाही.

१९/ याच काळात पाणी आले, पण सर्वांसाठी नव्हे. गोदावरीवर जायकवाडी, सिंदफणेवर माजलगाव धरण झाले. गंगथडीत कालवे वाहू लागले. पठारावर विहिरी, आणि पुढे विंधनविहिरी खोल खोल गेल्या. कारखाने उभे राहिले, ऊस आला. आणि ज्या पठारावर पाणी पोहोचले नाही, तेथील माणसे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसात जाऊ लागली. बीडची ऊसतोड कामगारांचा जिल्हा ही ओळख माळाच्या इतिहासापासून वेगळी काढता येत नाही. ज्या माळावर चार जनावरांच्या आधाराने वर्ष काढता येत असे, तो आधार आकसला की उरते ते स्थलांतर.

२०/ दरम्यान आकाशातला एक दुवा गळून पडला. मेलेल्या जनावरांचा फडशा पाडणारी गिधाडे १९९० च्या दशकात देशभर झपाट्याने संपली. २००४ साली कारण सिद्ध झाले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली, पण तोवर काही प्रजातींतील शेकडा सत्त्याण्णवाहून अधिक पक्षी गेले होते. गावाबाहेर पडलेले मृत जनावर आता कोण खाणार? परिसंस्थेत जागा फार काळ रिकामी राहत नाही. ती जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली.

२१/ कुत्रे माळावर आले की गणित बदलते. लांडग्याची संख्या हरणांवर अवलंबून असते. हरणे घटली की लांडगे घटतात. कुत्र्याची संख्या हरणांवर अवलंबून नसते. त्याला गावातून अन्न मिळत राहते. म्हणून तो हरणाची पाडसे, माळावर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी, ससे यांच्यावर सतत दबाव ठेवू शकतो. खोकड आणि लांडगा यांच्याशी स्पर्धा करतो, त्यांना रोगही देतो. नैसर्गिक शिकाऱ्याला भूक लगाम घालते. कुत्र्याचा लगाम उकिरड्याने सोडवला.

२२/ आणि मग बिबट्या. उंच, दाट, ओलसर, वर्षभर उभा असणारा ऊस म्हणजे त्याच्या दृष्टीने जंगलच. विद्या अत्रेय यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले परिसरात, जेथे जंगल नाही आणि माणसांची दाट वस्ती आहे अशा शेतीप्रदेशात, अभ्यास केला. तेथे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के, पाळीव वा भटक्या कुत्र्यांचा होता. हे बिबटे माणसांवर सहसा हल्ला करीत नव्हते, हेही त्याच परिसरातील वास्तव. पण जेथे बिबट्या आणि माणूस रोज एकमेकांच्या वाटेवर असतात, तेथे एखाद्याच प्राण्याच्या बदललेल्या वर्तनाची किंमत आष्टीसारखी, जिवांनी मोजावी लागते.

२३/ आता साखळी जोडून पाहू. माळ ‘पडीक’ ठरला, गवत मोडले, चित्ता गेला, लांडगा आणि हरणे आकसली, गिधाडे संपली, कुत्री वाढली, ऊस आला, उसात आडोसा आणि कुत्र्यांत अन्न मिळाल्याने बिबट्या पसरला. यातील कोणतीही एक पायरी पुढच्या पायरीचे एकमेव कारण नाही. पण प्रत्येक पायरीने पुढचीला वाट करून दिली. आष्टीत जो आला, तो बाहेरून चालून आलेला राक्षस नव्हता. दीडशे वर्षांत बदललेल्या भूमीवरून तो चालत आला होता.

२४/ लवूळचेही तसेच. वानर हा मुळात पाने, फळे, शेंगा खाणारा प्राणी. ओढ्याकाठची वड, पिंपळ, उंबर, चिंच यांची राई विरळ झाली आणि गावातील छते, परसातील झाडे, मंदिरापुढचे दाणे सोपे झाले. गावात त्याचा कायमचा विरोधक भेटतो : कुत्रा. कुत्र्यांच्या वासाला, आवाजाला वानरे शत्रूसारखा प्रतिसाद देतात. पिल्लू उचलले जाते, उंचावर नेले जाते. तेथे ते भुकेने मरते वा पडते. यात माणसासारखा कट आणि सूड शोधण्याची गरज नाही. दोन प्रजाती एकाच अरुंद जागेत कोंडल्या गेल्या, हे कारण पुरेसे आहे. ‘सूड’ या शब्दाने बातमी रंगली. पण जागा कोणी अरुंद केली, हा प्रश्न त्यात हरवला.

२५/ ‘पडीक’ हा शब्द अजून जिवंत आहे. १९८५ साली देशात राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. २००० साली उपग्रहचित्रांवरून देशाचा पहिला पडीक जमिनीचा नकाशासंग्रह निघाला आणि कितीतरी गवताळ राने त्यात मोडली. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला. हेतू चांगला होता. पण माळावर खड्डे खणून गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडे दाटीने लावली, तर त्या सावलीत कुसळी-पवना टिकत नाहीत आणि उघड्यावर अंडी घालणाऱ्या पाखरांना जागा उरत नाही. झाड लावणे हे पुण्य खरे. पण प्रत्येक जागी नव्हे. माळावर झाड लावणे म्हणजे कधी कधी तळ्यात माती भरण्यासारखे असते.

२६/ सारे संपलेले मात्र नाही. पाटोदा तालुक्यात १९९४ साली नायगाव मयूर अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र अवघे २९.८९ चौरस किलोमीटर. बालाघाटच्या त्या झुडपी, खडकाळ उतारांवर मोर आजही पावसाची चाहूल देतात. मोर साप, सरडे, किडे, दाणे सारे खातो; म्हणजे तो अन्नजाळ्याच्या अनेक धाग्यांना एकाच वेळी धरून असतो. त्याच खडकाळ उतारांवरच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले. पण येथील उथळ मातीशी, शेळीने न खाल्ल्या जाणाऱ्या आपल्या पानांनिशी, त्याने असे जुळवून घेतले की आज ते बीडचेच झाले. परिसंस्था म्हणजे गोठलेले चित्र नव्हे. तीत नवे येतात, रुजतात. प्रश्न एवढाच, की आलेला जीव जाळे विणतो की फाडतो.

२७/ इतिहासातून उपाय थेट मिळत नाहीत, पण चूक कोठे झाली हे दिसते. पहिली चूक मोजण्यातली होती : जे वसूल देत नाही ते निरुपयोगी. दुसरी, एकेका जीवाकडे सुटे पाहण्याची : बिबट्या मारा, वानर पकडा, हरीण वाचवा, झाड लावा. गवत, मेंढी, लांडगा, धनगर, गिधाड, कुत्रा, ऊस आणि कोयता हे एकाच हिशेबाचे आकडे आहेत. एक आकडा बदलला की बेरीज बदलते, मग तो आकडा कोणत्याही खात्याच्या वहीत असो.

२८/ गवताच्या बाजूने एक गोष्ट आहे : ते फार मागत नाही. चराई आलटून-पालटून ठेवली, कुरणाचा एखादा तुकडा पावसाळाभर राखला, तर माळ काही हंगामांत पुन्हा उभा राहू शकतो. मात्र नांगर वा जेसीबी खोलवर फिरून मुळांसह मोडलेला प्राचीन माळ परत यायला फार दीर्घ काळ लागतो. म्हणून राखणे हे पुन्हा घडवण्याहून स्वस्त. राखणदार म्हणून धनगर, पारधी आणि गायरान कसणारा भूमिहीन यांना त्यात वाटा आणि मजुरी मिळाली, तर गवत विरुद्ध गरीब हा खोटा सामनाही मिटू शकतो.

२९/ शेतकऱ्याच्या जुन्या भाषेत पड म्हणजे विश्रांती होती. जमीन थांबली आहे, संपलेली नाही, असा त्याचा अर्थ. दप्तराने तो अर्थ पुसला. चैत्रात आष्टी-पाटोद्याच्या माळावर काहीच दिसत नाही, हे खरे. पण मृगाचा पहिला सडा पडला की आठवड्याभरात तेथे हिरवी लव उठते. ती लव कोणी पेरलेली नसते. ती तेथेच होती.